गेणूची शिक्षा

म्हाळसा लहानपणी चालता चालता झोपायची. ऐकणाऱ्याला ही थाप वाटायची, पण तिच्या माहेरची माणसं छातीवर हात ठेवून सांगायची. दिवाळी सरली की तिच्या बापाचा मेंढरांचा तळ कोकणाकडं निघायचा. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, आणि मागून सहा-सात वर्षांची म्हाळसा घोड्याच्या पाठीवरून लोंबणारी दोरी मुठीत धरून डोळे मिटून घ्यायची. पाय आपले चालत राहायचे. अख्खा घाट उतरून झाला तरी पोरीला पत्ता नसायचा. आई वैतागून म्हणायची, हिचं अंग एकीकडं आणि ध्यान भलतीकडंच. पुढं लग्न झालं, छकुली झाली, तरी ते ध्यान काही ठिकाणावर आलं नाही.

सणसरला ती सून होऊन आली तेव्हा सासरच्यांची मेंढरं नुकतीच विकून झाली होती. सासऱ्यानं कालव्याच्या पाण्यावरचं दोन एकर रान घेतलं आणि फिरस्ती थांबवली. म्हाळसाला एका जागी राहायची सवय नव्हती. उसात वारं शिरलं की तिला मेंढरं उठल्यासारखी वाटायची, आणि ती हातातलं काम टाकून उगीच दारात येऊन उभी राहायची. तोवर तव्यावरची भाकरी कोळसा व्हायची. दुसरा कुणी नवरा असता तर ताट भिरकावून दिलं असतं. गेणू करपलेला पापुद्रा काढून बाजूला ठेवायचा, उरलेली भाकरी मुकाट खायचा आणि विचारायचा, "आज कुठवर गेलीस?" ती म्हणायची, वरंध्याच्या घाटापातूर. बस्स, एवढाच त्यांचा संसाराचा संवाद. पण तो बाईच्या आयुष्याला पुरायचा.

असा हा माणूस. त्यानं बायकोवर कधी हात उचलला नाही, बैलालाही चाबूक दाखवायचा नुसता. म्हणून त्र्याण्णव सालच्या चैत्रात जे झालं त्यावर गावाचा आधी विश्वासच बसेना.

झालं ते पाण्यावरून. शेजारच्या मानसिंगचं रान आणि गेणूचं रान एकाच पाटावर. मानसिंगची पाळी सकाळी दहाला संपायची, मग गेणूची. त्या दिवशी बारा वाजले तरी पाणी मानसिंगकडंच चाललेलं. गेणूची उसाची कोवळी लागण ऊन खाऊन माना टाकत होती. तो विचारायला गेला. मानसिंग नव्यानं लावलेल्या उसात उभा होता, हात रिकामे, तोंड मात्र भरलेलं. तो म्हणाला, मेंढरामागं फिरणाऱ्यांनी ऊस लावावा कशाला, पाणी लागतंय त्याला, लेंड्या न्हाय. चार माणसं ऐकत होती. गेणूच्या हातात खोरं होतं. त्यानं ते उलटं धरलं आणि दांडा घातला मानसिंगच्या उजव्या हातावर. मानसिंग खाली पडला. तिथं थांबायचं, की नाही? पण गेणूनं पडलेल्याला दुसरा फटका घातला, त्याच हातावर.

मग तो पाटाच्या कडेला जाऊन बसला आणि वाहत्या पाण्याकडं बघत राहिला. लोकांनी मानसिंगला ट्रॅक्टरमधून बारामतीला नेलं. सांजच्याला गेणू उठला आणि स्वतःच्या पायानं पोलिसात गेला. मानसिंगच्या हाताची दोन्ही हाडं मोडली होती. ती जुळली, पण वाकडी. त्या हातानं घास उचलता यायचा, खोरं पेलायचं नाही.

जामिनावर सुटून आल्यावर गेणू घरात शिरलाच नाही. म्हाळसाला घेऊन तडक बिरोबाच्या देवळात गेला. त्याच्या बापाच्या तळावर एक रीत होती. तळावरल्या माणसानं माणसाला जखमी केलं, तर मारणाऱ्यानं त्याची मेंढरं राखायची, ठरवतील तितके दिवस. आणि त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, कुणी कितीही खोदून विचारलं तरी. तोंडानं बोललं की केलेलं सगळं पुसलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. गेणूनं शपथेचा भंडारा उचलला आणि मानसिंगची तीन पिकं पाण्यावर काढून द्यायचं ठरवलं. नवी लागण, ती तोडल्यावर त्याच खोडांतून फुटणारा खोडवा, आणि तोही तोडल्यावर तिसऱ्यांदा फुटणारा निडवा. म्हणजे जवळजवळ तीन वर्षं. आणि म्हाळसाचाही हात त्यानं भंडाऱ्यात घातला, कारण घरातल्या माणसापासून हे लपणार नव्हतं. तिनं भाक दिली. खरं सांगायचं तर त्या वेळी तिचं ध्यान देवळाच्या पायरीवर बसलेल्या एका लंगड्या कोकरावर होतं. पण भाक ती भाक.

तेव्हापासून मानसिंगची पाळी आली की गेणू त्याच्या रानात. दारं धरायचं, म्हणजे पाटाचं पाणी सरीत वळवायचं, सरीमागून सरी भिजवायची, शेवटच्या सरीला पाणी पोचलं की खोरं खांद्यावर टाकून आपल्या बांधाला यायचं. पहिल्या दिवशी मानसिंग गळ्यात हात बांधून बांधावर आला. म्हाळसाला वाटलं, आता हाकलून देतोय. मानसिंग नुसता बघत उभा राहिला आणि पाठ फिरवून गेला. ना बोलावलं, ना थांबवलं. पुढं कधी कधी त्याची बायको सारजा बांधावर झाकून चहा ठेवायची. कुणासाठी ठेवला ते तिनं कधी सांगितलं नाही, कुणी प्याला ते विचारलं नाही. हे असं अडीच वर्षं चाललं. दोन घरांत एका शब्दाची देवाणघेवाण नाही, आणि ऊस मात्र दोन्हीकडं सारखाच वाढला. कोर्टात मानसिंगनं साक्ष दिली ती जसं घडलं तशीच दिली, दोन फटके म्हणून सांगितलं. त्याला कुणी मागचं-पुढचं विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

पंच्याण्णवच्या डिसेंबरात इंदापूरच्या कोर्टात निकालाची तारीख लागली. वकील बारामतीचे मोहनराव, सुपारी कातरत बोलणारा शांत माणूस. कोर्टासमोरच्या हॉटेलात त्यांनी नवरा-बायकोला बसवलं आणि समजावलं की दोषी तर धरतीलच, फटके चौघांनी पाहिलेत. पण दोषी धरल्यावर कोर्ट विचारतं, शिक्षेबाबत काय म्हणायचंय. शिक्षा वाढायची किंवा उतरायची ती तिथं. या कोर्टाला तीन वर्षांपर्यंत आत घालता येतं, आणि मनावर घेतलं तर चांगल्या वागणुकीचा बाँड घेऊन घरीही पाठवता येतं.

म्हाळसानं चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला होता. मोहनराव सांगत होते आणि तिला पाटाचं पाणी दिसत होतं, कधी चढतंय, कधी उतरतंय. समोरचा रिकाम्या हाताचा होता, इथं चढलं. पडल्यावर मारलं, आणखी चढलं. हात कायमचा अधू झाला, काठाला लागलं. मग वकील दुसऱ्या बाजूला वळले. पहिलाच गुन्हा, त्यानं आधी डिवचलं, राग एकदम आला, खोऱ्याचं पातं नाही तर दांडा वापरला, आपण होऊन पोलिसात गेला, घरात लहान पोर. पाणी बोटाबोटानं उतरत गेलं, पण तळ दिसेना. मोहनरावांनी सुपारी तोंडात टाकली आणि विचारलं, "मारल्यावर त्या माणसासाठी काही केलंस का, गेणू? काहीही. कोर्ट ते फार बघतं."

गेणू पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाला, "न्हाय."

म्हाळसानं ग्लास बशीत ठेवला. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. निडवा डोक्याच्या वर कधीच गेला होता, तोडीला महिना-दीड महिना राहिला होता. दोन नाहीतर तीन पाळ्या, आणि गेणू मोकळा होणार होता. आणि हा बाबा त्याच्या आतच तुरुंगात जाऊन बसणार, तेही सांगायला तोंड असून. तिला त्याचा असा राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

कोर्टात पंखा कुरकुरत होता. बाकावर बसल्या बसल्या म्हाळसाची पापणी जड झाली. हे तिचं जुनंच, संकट आलं की ती अशीच आत आत सरकायची. पट्टेवाल्याचा पुकारा तिला घाटातल्या हाकेसारखा ऐकू आला. जजसाहेबांचं काळं कापड म्हणजे पाऊस भरलेला डोंगर, आणि गेणू त्या डोंगराखाली उभा, एकटा, त्याच्या मागं मेंढरं नाहीत. तिला दिसलं की तो उंच भिंतीच्या आत चाललाय आणि भिंतीच्या आत गवताचं पातंसुद्धा नाही. ती हाक मारत होती आणि तो वळून बघत नव्हता.

तेवढ्यात तिनं गेणूचा आवाज ऐकला, आणि तो खराखुरा होता. दोषी धरून झालं होतं. सरकारी वकिलानं उठून सांगितलं होतं की एका कष्टकरी माणसाचा उजवा हात गेला, दया नको. जजसाहेबांनी गेणूला विचारलं होतं, शिक्षेबाबत काय सांगायचंय. मोहनरावांनी पढवलेलं सगळं, पोर, बायको, पहिला गुन्हा, हे सोडून गेणू म्हणाला, "दुसरा फटका नको हुता मारायला."

मोहनरावांनी कपाळाला हात लावला. आजवर कोर्टापुढं ते फटका एकच होता म्हणून भांडले होते. जजसाहेब लेखणी थांबवून गेणूकडं बघत राहिले आणि म्हणाले, "आणखी काही?" गेणूनं मान हलवली. घरचं कुणी आहे का, असं साहेबांनी विचारलं. मोहनरावांनी बाकाकडं बोट केलं.

म्हाळसा कधी उठली, पुढं कधी गेली, तिला आठवलं नाही. पण बोलली ती नीट बोलली, एका दमात. त्या उन्हाळ्यापासून या हिवाळ्यापर्यंत, लागणीच्या पाण्यापासून निडव्याच्या पाण्यापर्यंत. पाऊस असो, ताप असो, छकुलीला गोवर आलेला असो, मानसिंगच्या उसाची एक सरी कोरडी राहिली नाही. "खोटं वाटत आसंल तर त्यास्नी इचारा, सायेब," ती म्हणाली, "आन् ह्ये ह्यो मानूस कधीच सांगनार न्हाय, कारन सांगितलं तर त्याच्या लेखी फिटत न्हाय."

पिंजऱ्यात गेणूनं डोळे मिटून घेतले. म्हाळसानं ते पाहिलं. आपण काय मोडलं ते तिला त्याच क्षणी कळलं.

जजसाहेबांनी निकाल पुढं ढकलला आणि प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवला. आठ-दहा दिवसांनी पुण्याहून एक अधिकारी बाई सणसरला आल्या, चष्मा लावलेल्या, धुळीला नाक न मुरडणाऱ्या. गावात चार घरी विचारून त्या मानसिंगच्या ओसरीवर बसल्या. म्हाळसा कुडाच्या आडून ऐकत होती, लाज सोडून. मानसिंगनं वाकडा हात मांडीवर घेतला. मग म्हणाला, "हात मोडला त्यानंच. पन पान्याची येक पाळी चुकली न्हाय त्याची." बाईंनी ते लिहून घेतलं. त्यांनी विचारलं की कोर्टात का नाही सांगितलं. मानसिंग म्हणाला, त्यो सांगत न्हाय तर म्या कशाला सांगू.

जानेवारीत निकाल लागला. जजसाहेबांनी वाचून दाखवला तो मोहनरावांनी नंतर बाहेर येऊन सोप्या भाषेत सांगितला. दुसरा फटका आणि अधू झालेला हात ही फार वजनदार बाजू होती, एवढ्यावर तुरुंगाशिवाय साहेबांपुढं वाट नव्हती. पण पहिलाच गुन्हा होता, डिवचणं होतं, आणि मुख्य म्हणजे नंतरची अडीच वर्षं. कोर्टाला दाखवण्यासाठी लोक पुष्कळ काही करतात, साहेबांनी लिहिलं होतं, पण या आरोपीनं केलेलं कोर्टापासूनही लपवलं, म्हणून ते खरं मानावं लागतं. दोन वर्षं नीट वागायचं, वाकडं पाऊल टाकलं तर पुन्हा इथं उभं राहायचं. बाकी मोकळा. मोहनराव इतके खुश झाले की त्यांनी म्हाळसाला वाकून नमस्कार केला. ती भांबावून मागं सरली.

एसटीत गेणू खिडकीला बसला. निमगाव गेलं, लासुर्णे गेलं, तो बाहेरच बघत होता. डिसेंबरापासून तो असाच होता. पाणी दे, भाकर दे, याच्या पलीकडं शब्द नाही. भाकरी करपली तरी आता आज कुठवर गेलीस म्हणून विचारत नव्हता. म्हाळसानं या दिवसांत एक गोष्ट मनात पक्की करून ठेवली होती. तिच्या झोपेची सगळ्यांना माहिती होती. मी बाकावर डुलकी घेत होते, झोपेत बोलून गेले, असं म्हटलं की बिरोबाही मानेल, आणि गेणू तर नक्कीच मानेल, त्यालाही मानायला काहीतरी हवंच असणार. ती योग्य वेळेची वाट बघत होती.

आठवड्याभरानं मानसिंगची पाळी आली, निडव्याची शेवटची. सकाळचं कोवळं ऊन उसावर पडलं होतं. गेणू दारं धरत होता, आणि म्हाळसा न्याहारी घेऊन आपल्या बांधावर उभी होती. मानसिंग आला. आज तो पाठ फिरवायला आला नव्हता, सरळ पाटापर्यंत चालत आला आणि अडीच वर्षांत पहिल्यांदा बोलला.

"गेणबा, बास आता. कोर्टानं मोकळं क्येलं. म्या बी क्येलं."

गेणूनं खोरं चिखलात रोवलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं, नुसता थकवा होता. "कोर्टाचं कोर्टापाशी, मानसिंगराव," तो म्हणाला. "बोललं ग्येलंय. मागचं समदं पुसलं. निडवा तुटू द्या, नवी लागन घाला. तिच्या पहिल्या पान्यापासनं म्या हाय."

म्हाळसाच्या हातातली न्याहारी जड झाली. लागण, खोडवा, निडवा. पुन्हा तीन वर्षं. जजसाहेबांनी जी शिक्षा उतरवली ती या माणसानं स्वतःच्या हातानं पुन्हा चढवली होती, आणि चढवली ती तिच्यापायी. मानसिंग खुळ्यासारखा बघत राहिला.

हीच ती वेळ. झोपेत बोलले म्हणायची. तिनं तोंड उघडलं. उसात वारं शिरलं, पानं सळसळली, पण तिचं ध्यान कुठंही गेलं नाही. तिला गेणूच्या पायाच्या पोटऱ्या दिसत होत्या, थंड पाण्यानं तडकलेल्या, आणि त्यांच्यावरचा चिखल.

"म्या झोपेत न्हाय बोलले," ती म्हणाली. "जागी हुते. भंडारा आठवत हुता, तरी बोलले. तुमी आत जाऊ नये म्हनून."

गेणूनं पाहिलं तिच्याकडं. डिसेंबरानंतर पहिल्यांदा नीट पाहिलं.

"भाक म्या मोडली," म्हाळसा म्हणाली, "मंग निम्मी पाळी माजी. तीन वर्सं तुमी येकट्यानं न्हाय करायची."

गेणूनं रोवलेलं खोरं उपटलं आणि म्हणाला, "खोरं जड असतंय." ती म्हणाली, पेलंल. तो म्हणाला, पानी लई गार असतंय. तिनं त्यावर उत्तर दिलं नाही, न्याहारी बांधावर ठेवली आणि लुगडं वर खोचलं. पण तिच्याकडं खोरं कुठं होतं?

मानसिंग घराकडं वळला. म्हाळसाला वाटलं, रागावला. तो परत आला तेव्हा त्याच्या डाव्या हातात त्याचं स्वतःचं खोरं होतं, पात्यावर गंज चढलेलं, दांडा धूळ खाल्लेला. हात मोडल्यापासून ते गोठ्याच्या आढ्यात खोचून ठेवलं होतं. त्यानं ते तिच्यापुढं धरलं. सारजा दारात उभी राहून बघत होती.

म्हाळसानं खोरं घेतलं आणि पाटात उतरली. पाण्यानं तिच्या पायाला कळ आली. गेणूनं एकाच घावात मातीचा बांध फोडला आणि पाण्याचं तोंड तिच्या सरीकडं वळवलं.